काचेच्या भिंतीला खिडकी पाडायची कशी?

सबमिशनची आदली रात्र. घड्याळात पावणेदोन. खोलीत तीन लॅपटॉप सुरू, त्यातल्या एकाचा पंखा दळणाच्या गिरणीसारखा घरघरतोय. थर्ड इयरचं डिझाइन आहे, गंगापूर रोडवरची चार मजली ऑफिस बिल्डिंग. दर्शनी बाजू अख्खी काचेची, कारण काच लावली की रेंडर भारी दिसतं! पण परवाच्या क्रिटमध्ये सरांनी शीटकडे बघत सहज विचारलं होतं, "यातली एखादी खिडकी उघडते का रे?"

तो प्रश्न आत्ता, पावणेदोनला आठवतो. तुम्ही रेव्हिटमध्ये खिडकीची कमांड घेता, कर्सर काचेवर नेता, आणि कर्सर सरळ नकाराची खूण दाखवतो. शेजारच्या विटांच्या भिंतीवर नेलं की खिडकी गुपचूप बसते. परत काचेवर आणलं की नाही म्हणजे नाही. मग एक मित्र म्हणतो, "रेव्हिट गंडलंय, रीस्टार्ट मार." दुसरा म्हणतो, "राहू दे ना, फोटोशॉपमध्ये एक रेघ ओढून टाक."

थांबा. रेव्हिट गंडलेलं नाही. ते तुम्हाला एक गोष्ट सांगतंय, जी बांधकामाच्या तासाला कदाचित कानावरून गेली असेल. आर्किटेक्चर, इंटिरियर, सिव्हिलचा डिप्लोमा, काहीही करत असाल तरी ती समजून घेण्यासारखी आहे. आणि यातलं काहीच करत नसाल, तरी उद्या अशाच एखाद्या काचेमागे बसून नोकरी करण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून तुम्हीही वाचा.

भिंत कसली, पडदाच तो

‘कर्टन वॉल’ या नावातच उत्तर आहे. कर्टन म्हणजे पडदा. खिडकीचा पडदा छताचं वजन पेलतो का? नाही. तो वरच्या दांडीला लटकतो आणि ऊन, वारा, नजर अडवतो. कर्टन वॉलचंही तसंच. इमारतीचं वजन आतले कॉलम, बीम आणि स्लॅब पेलतात. बाहेरची काच आणि तिची ॲल्युमिनियमची चौकट स्लॅबच्या कडेला ब्रॅकेटने अडकवलेली असते. तिला पेलायचं असतं ते फक्त स्वतःचं वजन आणि वाऱ्याचा दाब.

विटांच्या भिंतीला खिडकी पाडायची तर भोक पाडायचं, वर लिंटेल टाकायची, चौकट बसवायची. कर्टन वॉलमध्ये भोक पाडायला भिंतच नाही. तिथे आहे उभ्या-आडव्या रेषांची जाळी, म्हणजे ग्रिड. त्या रेषांवर बसलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या म्हणजे मलियन. आणि मधल्या चौकोनात अडकवलेलं पॅनेल. ते बहुतेक वेळा काचेचं असतं, पण पत्र्याचं, दगडाचं किंवा उघडणाऱ्या खिडकीचंही असू शकतं. म्हणजे इथे खिडकी ‘पाडायची’ नसते, पॅनेल ‘बदलायचं’ असतं. रेव्हिट तुम्हाला अडवतं ते एवढ्याचसाठी.

ही कल्पना तशी परदेशी वाटते, पण तिचं मूळ तत्त्व आपल्या गावात जुनंच आहे. कधीतरी सराफ बाजारातून गोदाघाटाकडे चालत जा आणि मान वर करून जुन्या वाड्यांचे वरचे मजले बघा. लाकडी खांब, त्यावर तुळया, आणि दोन खांबांच्या मध्ये खिडक्यांची रांग. वजन लाकडाच्या सांगाड्यावर. मधला भाग भरणीचा, म्हणून तिथे इतक्या सलग खिडक्या शक्य झाल्या. मुंबईत काळा घोड्याला उभी असलेली वॉटसन्स हॉटेलची इमारत बघा. १८६७ ते १८६९ या काळात उभी राहिली. लोखंडी सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून इथे जोडले. (१८९६ मध्ये ल्युमिए बंधूंचे सिनेमे भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच.) वजन सांगाड्याला दिलं की भिंत मोकळी होते, हे तिथेही दिसतं. पुढे १९१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हॅलिडी बिल्डिंगला रस्त्याच्या बाजूने जवळजवळ पूर्ण काचेचा पडदा लावला गेला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर काचेच्या ऑफिसांची लाटच आली.

आता हात चालवा

लॅपटॉप जवळ असेल तर करतच वाचा. भिंतीची कमांड घ्या, टाइप सिलेक्टरमधून कर्टन वॉल निवडा, एक भिंत काढा. ग्रिड नसेल तर कर्टन ग्रिडच्या कमांडने उभ्या-आडव्या रेषा द्या.

आता खरी युक्ती. पॅनेलच्या कडेवर कर्सर ठेवा आणि टॅबचं बटण दाबत राहा, क्लिक न करता. आधी मलियन उजळेल, मग ग्रिडची रेषा, मग अख्खी भिंत, आणि कधीतरी पॅनेल. खाली स्टेटस बारमध्ये नाव दिसतं, ते वाचा. पॅनेल उजळलं की क्लिक करा. टॅब न वापरता क्लिक करत बसलात तर दर वेळी अख्खी भिंत नाहीतर मलियन सिलेक्ट होईल, आणि निम्मी पोरं इथेच वैतागून सोडून देतात.

पॅनेलवर टाचणीची खूण दिसेल. तिचा अर्थ असा की हे पॅनेल भिंतीच्या टाइपने ठरवलेलं आहे, तुम्हाला परस्पर बदलता येणार नाही. टाचणीवर क्लिक करून ती काढा, किंवा कीबोर्डवर यू आणि पी दाबा. मग टाइप सिलेक्टरमध्ये जाऊन काचेच्या जागी कर्टन वॉलसाठी बनवलेली खिडकीची फॅमिली निवडा. यादीत नसेल तर लायब्ररीतून लोड करा. साधी खिडकी इथे चालत नाही, हे लक्षात ठेवा. झालं, तुमची खिडकी बसली.

पण लगेच पुढचा प्रश्न येतो, की ही खिडकी मोठी कशी करायची? तिच्या प्रॉपर्टीजमध्ये रुंदी-उंची शोधत बसाल तर तिथे बदलण्याजोगं काही सापडणार नाही. कारण तिचं माप तिचं नाहीच, ते तिच्या चौकोनाचं आहे. ग्रिडची रेषा सरकवा, खिडकी आपोआप बदलेल. दोन चौकोनांची मिळून एक खिडकी हवी असेल तर मधल्या रेषेचा तेवढाच तुकडा काढा. त्यासाठी ग्रिडलाइन सिलेक्ट करून ‘ॲड ऑर रिमूव्ह सेगमेंट्स’ वापरा. तिथे मलियन असेल तर आधी ती उडवा.

याच कारणाने विंडो शेड्यूलमध्ये या खिडक्यांच्या रुंदी-उंचीचे रकाने बऱ्याचदा रिकामे राहतात. शीट प्लॉट करायच्या आधी तो तक्ता एकदा डोळ्याखालून घाला, नाहीतर ज्युरीचा पहिला प्रश्न तोच असेल.

दहा मीटरची भिंत, दीड मीटरची काच

ग्रिडच्या रेषा एक एक करून ओढण्याऐवजी भिंतीच्या टाइपमध्ये लेआउट ठरवता येतो. तिथे चार पर्याय मिळतात आणि बहुतेक जण पहिला दिसेल तो निवडतात. एक साधं गणित करू. भिंत १० मीटर, अंतर दीड मीटर.

‘फिक्स्ड डिस्टन्स’ निवडलं तर दीड मीटरचे सहा चौकोन होतात, म्हणजे ९ मीटर. उरतो एक मीटरचा तुकडा. तो कुठे जाणार हे जस्टिफिकेशन ठरवतं. सुरुवातीपासून मोजलं तर शेवटच्या कोपऱ्यात, मध्यापासून मोजलं तर दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर.

‘मॅक्सिमम स्पेसिंग’ दिलं तर दीड मीटरपेक्षा मोठा चौकोन चालणार नाही, म्हणून रेव्हिट सात समान भाग पाडतं, प्रत्येकी साधारण १.४३ मीटरचे. ‘मिनिमम स्पेसिंग’ दिलं तर दीडपेक्षा लहान चालणार नाही, म्हणून सहा समान भाग, प्रत्येकी साधारण १.६७ मीटरचे. ‘फिक्स्ड नंबर’मध्ये तुम्ही थेट आकडा सांगता.

फरक किरकोळ वाटतो? इमारतीत वापरली जाणारी टफन्ड काच भट्टीतून बाहेर आली की ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. कापायला गेलात की तिचा चुरा होतो. म्हणून मापं आधी पक्की करावी लागतात, मगच काच भट्टीत जाते. ड्रॉइंगमध्ये मलियनची जाडी धरायला विसरलात आणि ५० मिलिमीटरचा घोळ झाला, तर ती काच घासूनपुसून बसवता येत नाही. ती भंगारात जाते, आणि तिचे पैसे कोणीतरी भरतो. कॉलेजात ‘अनडू’ असतं. साइटवर नसतं.

साध्या खिडकीचाही सापळा

"आमच्या प्रोजेक्टमध्ये कर्टन वॉल नाहीच," असं म्हणणाऱ्यांनी हसू नये. साध्या खिडकीत पडायला वेगळा खड्डा आहे.

हॉस्टेलच्या प्रोजेक्टमध्ये चाळीस खिडक्या आहेत. त्यातली जिन्याची एकच उंच करायची म्हणून तुम्ही ‘एडिट टाइप’मध्ये जाता, उंची १२०० ऐवजी १५०० करता, ओके दाबता. जिन्याची खिडकी उंच होते. तिच्यासोबत उरलेल्या एकोणचाळीसही होतात! हे लक्षात येतं दुसऱ्या दिवशी, एलिव्हेशन भिंतीवर लावल्यावर.

रेव्हिटमध्ये रुंदी-उंची बहुधा टाइपची असते, म्हणजे त्या जातीच्या सगळ्या खिडक्यांची. सिल हाइट मात्र त्या एका खिडकीची असते. म्हणून नियम एकच ठेवा, आधी ‘डुप्लिकेट’, मग नवं नाव, मग बदल. नावही ‘विंडो टू कॉपी थ्री’ असं नको. ‘जिना १२०० बाय १५००’ असं द्या, म्हणजे तीन महिन्यांनी तुम्हालाच कळेल. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं, हा त्या सॉफ्टवेअरचा दोष नव्हे, जन्महेतू आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत काही मंडळींनी कंपनी काढली ती याच हट्टापायी. प्लॅनमध्ये खिडकी हलवली की सेक्शन, एलिव्हेशन, शेड्यूल सगळीकडे ती आपसूक हलली पाहिजे. पहिली आवृत्ती २००० मध्ये आली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी विकत घेतली.

आता उंचीचं. आपल्याकडे सिल ९०० आणि खिडकी १२००, म्हणजे वरची कड २१०० ला, दाराच्या माथ्याशी सरळ रेषेत. म्हणूनच सगळ्यांची लिंटेल एका पातळीत जाते. खिडकी १५०० ची केलीत आणि सिल तशीच ठेवलीत तर माथा २४०० ला जातो. तिथे बीम उतरत असेल तर खिडकी थेट बीममध्ये. सिल ६०० वर आणा, माथा परत २१०० ला येतो. पण मग ६०० च्या सिलवर लहान पोर सहज चढू शकतं, म्हणजे ग्रिल किंवा रेलिंगचा विचार आला. एक आकडा बदलला की तीन माणसांचं काम बदलतं, ते असं.

सरांचा प्रश्न सोपा नव्हता

परत त्या प्रश्नाकडे येऊ. "यातली एखादी खिडकी उघडते का?" हा प्रश्न फक्त वाऱ्याचा नाही, आगीचाही आहे.

बंद काचेच्या इमारतीत आग लागली तर धूर बाहेर पडायला वाट नसते आणि अग्निशमन दलाला शिडीवरून आत शिरायला जागा नसते. म्हणून नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये काचेच्या दर्शनी भागासाठी प्रत्येक मजल्यावर उघडणारी पॅनेल्स सांगितली आहेत, बाहेरच्या भिंतीवर मोजून एकमेकांपासून १० मीटरच्या आत. म्हणजे तुमची दर्शनी बाजू ३० मीटरची असेल तर मजल्यामागे किमान तीन. त्यांचा उघडण्याचा भाग जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर हवा, म्हणजे धुरात चाचपडणाऱ्या माणसाच्या हाताला तो लागतो.

दुसरी गोष्ट, जी मॉडेलमध्ये कोणीच काढत नाही. काच स्लॅबच्या बाहेरून जाते, त्यामुळे स्लॅबची कड आणि काच यांच्यात फट राहते. ती उघडी राहिली तर खालच्या मजल्यावरचा धूर आणि ज्वाळा धुराड्यासारख्या वर चढतात. ती फट प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक साहित्याने बंद करायची असते. तुमच्या सेक्शनमध्ये ती फट आणि तिचा भराव दाखवा. ज्युरीतल्या साइटवरच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होईल.

नाशिकचं ऊन विसरू नका

माझ्या ओळखीच्या एका ऑफिसची पश्चिम बाजू पूर्ण काचेची आहे. दुपारी तीननंतर तिथे जाल तर काच दिसत नाही. दिसतात ती चिकटपट्टीने लावलेली वर्तमानपत्रं, पुठ्ठे आणि एका टेबलामागे चक्क कॅलेंडर. उजेडासाठी काच लावली, आता दिवसभर दिवे आणि एसी दोन्ही सुरू. त्या इमारतीचं रेंडर नक्की सुंदर असणार.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. याचा अर्थ २१ डिसेंबरच्या सुमारास दुपारी सूर्य दक्षिणेला साडेशेहेचाळीस अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखांना सत्तर अंशांवर, आणि मेच्या २०-२१ तारखेच्या आसपास थेट डोक्यावर. शून्य सावलीचा दिवस म्हणून आपण फोटो टाकतो, तो हाच. त्यानंतर जवळजवळ दोन महिने भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो.

आता दक्षिणेच्या खिडकीवर ४५ सेंटिमीटरचा साधा छज्जा काढा. मार्चच्या दुपारी त्याची सावली सुमारे १.२४ मीटर खाली येते, म्हणजे १२०० ची खिडकी पूर्ण सावलीत. डिसेंबरात सावली जेमतेम ४७ सेंटिमीटर, म्हणजे थंडीत हवं असलेलं कोवळं ऊन आत. एवढ्याशा छज्जाने ऋतू सांभाळले! तोच छज्जा पश्चिमेला लावा. संध्याकाळी सूर्य वीस अंशांवर उतरला की, तो समोरून येत असेल तर सावली फक्त १६ सेंटिमीटर. तिथे छज्जाचा उपयोग नाही. तिथे उभ्या पट्ट्या लागतात, व्हरांडा लागतो, झाड लागतं, किंवा मुळात कमी काच लागते.

मुंबईत कम्बाला हिलवरची कांचनजंगा इमारत बघा, १९८३ मध्ये पूर्ण झालेली, चार्ल्स कोरिया यांची. समुद्राचा वारा आणि दृश्य पश्चिमेला, आणि भाजणारं ऊन व पावसाचा माराही तिकडूनच. त्यांनी खोल्या मागे घेतल्या आणि पुढे दोन मजले उंचीच्या बागेच्या गच्च्या ठेवल्या. जुन्या बंगल्याचा व्हरांडाच, पण उंचावर नेलेला.

कायद्यानेही आता याला आकडे दिलेत. १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या व्यावसायिक इमारतींसाठीच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत, म्हणजे ईसीबीसी २०१७ मध्ये, नियमांच्या सरळ मार्गाने जायचं तर काच बाहेरच्या भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंतच. अख्खी भिंत काचेची करायची असेल तर इमारत एकूण किती ऊर्जा खाते, हे हिशोबाने सिद्ध करावं लागतं.

हे सगळं रेव्हिटमध्येच तपासता येतं. प्रोजेक्टचं लोकेशन नाशिक करा, सन पाथ सुरू करा, सावल्या सुरू करा, तारीख १५ मे आणि वेळ दुपारी चार ठेवा. फक्त आधी ‘ट्रू नॉर्थ’ खऱ्या उत्तरेला फिरवा. शीटवर सरळ दिसावा म्हणून प्लॅन आपण फिरवून काढतो आणि खरी उत्तर सांगायलाच विसरतो. मग सॉफ्टवेअरमध्ये सावली छान पडते, ती दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीची असते.

शीट प्लॉट करण्याआधी

- प्रत्येक मजल्यावर उघडणारी पॅनेल्स आहेत का? दोघांतलं अंतर १० मीटरच्या आत आहे का?
- कोपऱ्यात विचित्र मापाची चिंचोळी काच उरली आहे का? लेआउट बदलून बघा.
- टाइप बदलण्याआधी डुप्लिकेट केलं होतं का? एलिव्हेशनवर सगळ्या खिडक्या एकदा मोजा.
- खिडक्यांचे माथे एका पातळीत आहेत का? बीम आडवा येत नाही ना?
- पश्चिमेची काच १५ मेला दुपारी चार वाजता बघितली का?

सॉफ्टवेअर महाग आहे ही सबब नको. पात्र विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क रेव्हिट वर्षभरासाठी मोफत देतं, मुदत संपली की पुन्हा अर्ज करता येतो. लॅपटॉप जुना असेल तर फ्रीकॅड कायमचं मोफत आहे. आणि तेही नको असेल तर आज दुपारी चार वाजता कॉलेज रोडवर एक चक्कर मारा. पश्चिमेकडे तोंड केलेल्या काचेच्या इमारती शोधा आणि किती काचांवर आतून कागद चिकटवलेत ते मोजा. मग परत येऊन आपलं एलिव्हेशन उघडा.

सर उद्या तोच प्रश्न पुन्हा विचारतील. या वेळी तुमच्याकडे उत्तर असेल, आणि ते कोणत्या पॅनेलमध्ये आहे हे बोट ठेवून दाखवताही येईल.